दमयंतीची हळद कुणाची होती?

कळंबोलीच्या आसपासच्या आगरी गावांत लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नाला एखादा आला नाही तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण हळदीला आला नाही तर पुढं कित्येक वर्षं त्याचा उद्धार होतो. मांडवात डीजे, मागं चुलाणावर मटणाची टोपं, आणि सोन्यानं मढलेल्या बाया. मात्र पंगत बसायच्या आधी एक गोष्ट व्हावीच लागते. नवऱ्यामुलाला हळद लागली की त्यातली उरलेली हळद त्याच्या घरून नवरीकडं येते. ती उष्टी हळद. ती आली की नवरीच्या अंगाला लावायची आणि मगच पानं वाढायची. आता हे काय आमच्या लोकांना नव्यानं शिकवायचं? पण काशिरामच्या दमयंतीच्या हळदीला नेमकं तेच चुकलं, आणि त्यापायी पोरीला समुद्र ओलांडावा लागला.

ही गोष्ट दोन हजार सहा सालच्या मे महिन्यातली. दमयंतीचं खांदा कॉलनीत ब्युटी पार्लर होतं, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. आयब्रो, फेशियल सगळं करायची, पण तिचं नाव झालं ते नवऱ्या सजवण्यात. दमूच्या हातून उठलेली नवरी बघितली की नवऱ्याची आईसुद्धा घटकाभर मानपान विसरायची. दमूची आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं हौसाआत्यानं, काशिरामच्या थोरल्या बहिणीनं. ही हौसा म्हणजे पंचक्रोशीतली धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गात गात विधी चालवते ती धवलारीण. ती म्हणेल ती पूर्वदिशा. भटजीसुद्धा हौसाला विचारल्याशिवाय पुढं जात नसत, कारण तिनं एकदोघांना मांडवातच खडे बोल सुनावलेले होते.

दमूचं ठरलं उरणकडच्या कुंदनशी. ठरलं म्हणजे तिनंच ठरवलं. वडाळे तलावाच्या काठावर दोघांनी किती भुईमुगाच्या शेंगा फोडल्या असतील त्याला गणती नाही. कुंदन दिसायला चिकना, बोलायला गोड, आणि काळ्या काचांच्या गाडीतून उतरताना असा उतरायचा की जणू खालची जमीन त्याच्याच बापाची. दमूचा जीव होता त्याच्यावर. उगीच का खोटं सांगा, मनापासून होता.

हळदीच्या दिवशी दुपारपासून उरणची गाडी यायची वाट. संध्याकाळ झाली, दिवे लागले, गाडीचा पत्ता नाही. कुंदनचा फोन बंद, त्याच्या भावाचा उचलत नाही. आता उरणचा रस्ता म्हणजे बंदरावरच्या कंटेनरची रांग, हे शेंबडं पोरही सांगेल. कुणाला शंका आली नाही. इकडं पाहुणे भुकेले, बाप्ये मंडळींचं मागच्या अंगाला जे चालायचं ते चालू, आणि मटण निवत चाललेलं. काशिराम तर घामाघूम. शेवटी हौसाआत्याच म्हणाली, "गाडी अडकली असंल कंटेनरमदी. लावा आपलीच हळद. उष्टी आली का वरून लावू."

धवलारीणच म्हणाली म्हटल्यावर कोण काय बोलणार? घरच्याच वाटीतली हळद दमूला लावली, धवले झाले, पंगत बसली. पंगत अर्ध्यावर असताना निरोप आला. कुंदननं त्याच दिवशी सकाळी अलिबागला दुसऱ्याच मुलीशी रजिस्टर लग्न केलं होतं. गावानं बोटं चाटूनपुसून मटण खाल्लं आणि नवरा मात्र आलाच नाही.

दमू त्या पिवळ्या अंगानं पाटावर बसून राहिली. रडली नाही. रडू पुढं आलं, आठवडाभरानं, कुणाच्या तरी आयब्रो करताना, आणि ती गिऱ्हाईक बाई अर्धी भुवई घेऊन घाबरून घरी गेली.

बरं, कुंदनला कुणी काही म्हणालं का? नाव नको. उलट गावात वाक्य फिरायला लागलं, "तिला हळद लागून ऱ्हायली." हळद लागून राहिलेली पोर म्हणजे अपशकुन. तिचा हात नव्या नवरीला लागू नये. हे पहिल्यांदा बोलली मनिषाकाकी, दमूच्या सख्ख्या चुलत्याची बायको. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. एकेक नवरीची आई फोन करून सांगू लागली, पोरीला ताप आहे, मेकअप साधाच करणार आहोत, बहीणच करणार आहे. सगळ्या गावाच्या पोरींना एकदम ताप! दमूला काय समजत नव्हतं? फेशियलला सगळ्या येत, गप्पा मारत, चहा पीत, पण नवरी एकही येईना.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला स्वतःलाच ते हळूहळू खरं वाटायला लागलं. एकदा कॉलनीतल्या एका मुलीला बांगड्या भरताना एक बांगडी पिचली तर हिचेच हात कापायला लागले. तेव्हा तिनं कानाला खडा लावला. हौसाआत्याला म्हणाली, "ह्या गावची नवरी माझ्या हातून सजंल, तवाच मी ह्या गावात ऱ्हाईन. नायतर नाय." त्या दिवसापासून आत्या दमूच्या नजरेला नजर द्यायची नाही, हे मात्र खरं.

वाशीच्या ज्या बाईंकडं दमू पार्लर शिकली, त्यांच्या ओळखीनं मॉरिशसच्या एका हॉटेलातलं काम मिळालं. तिथं लग्नं करायला जगभरची माणसं येतात, मेंदी आणि मेकअपला भारतातली बाई हवी होती. काशिरामनं नकाशा आणला. चष्मा लावून कितीतरी वेळ शोधलं आणि म्हणाला, "बाये, हा ठिपका हाय का माशी बसलीय?" मग उठून बाहेर गेला, आणि दमूला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाक शिंकरलं. जाऊ नको म्हणाला नाही. बापाचं एवढंच कौतुक की तो अडवायला उभा राहिला नाही.

मॉरिशसला उतरल्यावर दमूची पहिले दोन-तीन महिने दातखीळच बसली. लोक तिथली क्रियोल बोली बोलत, हॉटेलातले साहेब फ्रेंच बोलत, आणि हिचं इंग्रजी पार्लरपुरतं. पण पळसाला पानं तीनच. नवरीची आई तिथंही घाबरलेली, वरमाय तिथंही फुगलेली, आणि नवरी तिथंही आरशात बघून "हे मी नाहीच" म्हणणारी. हात चालू लागला. फक्त आपली हकिकत तिनं कुणाला सांगितली नाही. प्रत्येक नवरीला हात लावताना मनातल्या मनात गणपतीची माफी मागायची आणि मग काम सुरू करायची.

एके दिवशी हॉटेलबाहेरचं काम आलं. उसाच्या शेतांमागं मराठी लोकांची एक वस्ती होती. दीडशेक वर्षांपूर्वी कोकणातून उसाच्या कामाला गेलेल्या माणसांची ही नातवंडं-पतवंडं. आडनावं आपली, गणपती आपला, आणि बोलणं क्रियोल. तिथल्या मुलीला हळदीसाठी सजवायचं होतं. दमू पोचली तर मेकअपची खुर्ची बरोबर वाऱ्याच्या तोंडावर मांडलेली. पावडरचा डबा उघडला की निम्मी पावडर समुद्राकडं.

"हा मांडव कुणी घातला?" दमू ओरडली. मराठीतच ओरडली, रागावलेला माणूस दुसरं काय करणार?

बांबूच्या शिडीवरून एक उंच माणूस खाली उतरला, हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार भगिनी. मंडप मी उभारला आहे. आपणास कोणती अडचण आहे?"

दमूला वाटलं, दूरदर्शनच्या बातम्याच लागल्या. हा दीपेश. मांडव घालणं हाच त्याचा धंदा. मराठी तो शाळेच्या पुस्तकातून शिकलेला, आणि त्यानंतर ती बोलायला त्याला देवाच्या आरतीशिवाय कुणी मिळालं नव्हतं. "अडचण ही की माझी पावडर उडतीय," दमू म्हणाली. "मी पवनास अडवतो," म्हणून त्यानं खरोखर मागं ताडपत्री बांधली. दमूला हसू आवरेना. त्या हळदीनंतर ती पहिल्यांदाच पोट धरून हसली, आणि नवरीची एक पापणी लावायची राहिली.

त्यानंतरचा धक्का जेवणाचा. केळीच्या पानावर पुऱ्या, भाज्याच भाज्या, आणि मधोमध कच्च्या फणसाची भाजी. दमूनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "हळदीला मटण नाय?" दीपेशच्या हातातलं भांडं पडता पडता वाचलं. "हळदीच्या पवित्र दिनी मांसाहार?" दोघंही एकमेकांकडं असे बघत राहिले की जणू समोरचा चंद्रावरून आलाय.

आता एक सजवणारी आणि एक मांडववाला. ज्या लग्नात ही, त्या लग्नात तो. गाठी पडणारच. दीपेशची बायको फ्रान्सला नोकरीला गेली होती ती तिथलीच झाली. घटस्फोटाचे कागद तेवढे आले. तो हे सांगताना हसत होता, पण दमूला हसण्यामागचं कळलं. दुधानं तोंड पोळलेली दोन माणसं, ताक किती फुंकतात ते विचारू नका. तो तिच्यासाठी प्रत्येक मांडवात वारा न लागणारा कोपरा राखून ठेवायचा. ती त्याला सुके बोंबील भाजून खायला घालायची, हळदीचा दिवस सोडून. एकदा त्यानं बरीच तयारी करून तोंड उघडलं, "भगिनी, माझ्या मनात—"

"आधी ते भगिनी बंद कर," दमू म्हणाली. "मग पुढचं बोल." बिचारा पुढचं विसरूनच गेला.

दीपेशची आई कमळाबाई त्या वस्तीतली जुनी जाणती. कुणाच्याही घरी हळद असो, वाटी तिच्या हाती. अर्धं क्रियोल, अर्धं तिच्या पणजीकडून आलेलं मराठी बोलायची. एका हळदीला तिनं दमूपुढंही वाटी केली. "तूही लाव पोरी. सजवतेस, मग लावायला काय झालं?"

दमूनं हात मागं घेतला. कमळाबाईनं पुन्हा वाटी पुढं केली, आणि दमूचा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं. कुंदन, अलिबाग, लागून राहिलेली हळद. "माझा हात नको नवरीला. आजवर लपवलं, मला माफ करा," म्हणून रडली. दीपेश दारात उभा होता, त्यानंही ऐकलं.

कमळाबाईनं सगळं ऐकून एवढंच विचारलं, "नवऱ्याकडची उष्टी हळद आली होती?"

"नाय. गाडी आलीच नाय."

"मग तुला लावली कुणाची?"

"घरचीच."

कमळाबाईनं कपाळावर हात मारला. "अगं वेडे! नवऱ्याची हळद नाही ती लग्नाची हळद कसली? ती स्वयंपाकघरातली हळद! मी रोज आमटीत टाकते, मग काय मी रोज लग्न करते?"

बाया खो खो हसल्या. दमूही रडता रडता हसली. एवढी साधी गोष्ट! दीडशे वर्षांमागं कोकण सोडलेल्या माणसांनी नियम नीट जपला, आणि पनवेलच्या दारात बसलेले आम्ही मटण निवतंय म्हणून तो विसरलो. त्या दिवशी तिनं नवरीच्या गालाला पहिल्यांदा न घाबरता हळद लावली.

दीपेशनं त्याच आठवड्यात विचारलं. सरळ, भगिनी न म्हणता. "दमयंती, तू माझ्याशी विवाह करशील काय?"

दमूला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण ती म्हणाली, "इथल्या लोकांनी मला मोकळं केलं, पण मला बांधलं ते माझ्या गावानं. गावानं सोडवल्याशिवाय हळदीला बसले तर मनात किडा ऱ्हाईल. थांबशील?"

"प्रतीक्षा करीन," दीपेश म्हणाला, आणि तोंड पाडून मांडव सोडायला गेला.

संधी आपल्या पायानं चालत आली. दोन हजार दहाच्या डिसेंबरात समृद्धीचं लग्न ठरलं. समृद्धी म्हणजे त्याच मनिषाकाकीची मुलगी. पोरगी नव्या जमान्यातली, कॉलेजात शिकलेली. तिनं कॉम्प्युटरवरून दमूला फोन लावला. "ताई, मला तूच सजवायची. आईला काय बोलायचं ते बोलू दे." दमूनं रजा टाकली.

घरी आली तर काशिराम वाळलेला, आत्या वाकलेली. आणि हळदीच्या आदल्या दिवशी रिक्षातून उतरलं कोण? दीपेश! म्हणे पनवेलच्या मांडवांचा अभ्यास करायला आलोय. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय. "मी आपल्या चरणांशी आलो आहे," असं काशिरामला म्हणाला आणि वाकला. काशिराम दचकून दोन पावलं मागं. मग त्याला चुलाणाकडं घेऊन गेला, मोठ्या अभिमानानं टोपं दाखवली. दीपेशनं हळदीला मटण खात नसल्याचं सांगितलं तेव्हा काशिरामचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मंग काय खातंस?" "फणस." संध्याकाळी काशिराम दमूला म्हणाला, "माणूस बरा वाटतो, पण आजारी हाय काय?"

हळदीच्या दिवशी दमू पेटी घेऊन काकीच्या ओटीवर चढली. आत बायाच बाया. समृद्धी पाटाशेजारी उभी. मनिषाकाकी दारातच आडवी झाली.

"दमू, तू आलीस, जेव, नाच. पन माझ्या पोरीला हात लावू नको. तुला हळद लागून ऱ्हायलीय, तुलाबी म्हाईत हाय."

चार वर्षांपूर्वीची दमू असती तर मान खाली घालून गेली असती. ही गेली नाही. तिनं पेटी खाली ठेवली आणि भरल्या घरात मोठ्यानं विचारलं, "हौसाआत्या, तू धवलारीण हायस. तूच सांग. माझ्या अंगाला लागली ती हळद कुणाची होती?"

आत्या कोपऱ्यात बसलेली. दमूला ठाऊक होतं आपण काय मागतोय ते. सगळी हयात जिनं लग्नं लावली, तिनं भर बायकांत म्हणायचं की माझ्या सख्ख्या भाचीच्याच विधीत मी चुकले. दमूला वाटलं, बोलायची नाही. म्हातारीची आब ती, कशाला घालवेल?

आत्या भिंतीला धरून उठली.

"घरची होती," ती म्हणाली. "उष्टी आलीच नाय. मीच बोललू लावा म्हनून. मटान निवत व्हतं, आनि माजं डोकंबी निवलं व्हतं." कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्यानं तिकडं असं बघितलं की हसू गळ्यातच राहिलं. "नवऱ्याची हलद नाय ती लग्नाची हलद नाय. दमूला हलद लागलीच नाय. चूक धवलारनीची, आनि भोगली पोरीनं. चार वर्सां मी त्वांड शिवून बसलू, कारन माजा मान मोठा वाटला. मनिषा, अपशकुनी म्हनायचं त मला म्हन."

दमू धावली आणि आत्याच्या गळ्यात पडली. दोघीही मोठमोठ्यानं रडल्या, लाजबीज काही न ठेवता. मनिषाकाकी दारात उभी, ना आत ना बाहेर. धवलारणीला अपशकुनी म्हणायची कुणाची छाती आहे? आणि समृद्धीनं मध्येच ठणकावलं, "आई, सर बाजूला. माझा मेकअप व्हायचाय."

काकी सरली. सरताना पुटपुटली, "मला काय म्हाईत, कुनी सांगितलं नाय." बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, पण असं आपोआप बंद झालेलं बघायला गोड लागतं हो.

दमूनं समृद्धीला पाटावर बसवलं. हात एकदाही कापला नाही. नवऱ्याकडची हळद वेळेत आली, आत्यानं वाटी हातात घेऊन ती कुठून आली, कुणी आणली, हे तीनतीनदा विचारून घेतलं आणि मगच लावू दिली. मग हळद लागली, आणि लग्नाच्या सकाळी दमूनं तिला अशी सजवली की ती बाहेर आल्यावर बाप्ये मंडळीही बोलायची थांबली. ज्यांच्या पोरींना तेव्हा ताप आला होता त्या बाया एकेक करून जवळ सरकल्या. "दमू, माझ्या धाकटीचं फेब्रुवारीत हाय. असशील ना गं?" "आमच्या सुनेचं मे मदी." मनिषाकाकी सगळ्यांत शेवटी आली, म्हणाली, "बरी सजवलीस." तिच्या तोंडून तेवढं म्हणजे पुष्कळच.

"फेब्रुवारीत असंन," दमू म्हणाली. "दर लग्नसराईला येईन. आणि बुकिंग आधी करायचं, ताप आला म्हणून रद्द करायचं नाय." बायांनी माना खाली घातल्या, पण हसल्या.

मग ती मांडवभर दीपेशला शोधू लागली. तो एका खांबाची गाठ तपासत उभा होता, मांडवाचा अभ्यास म्हणे! दमूनं त्याला बाजूला घेतलं नाही, कोपऱ्यात नेलं नाही. आयुष्यातली एक गोष्ट तिनं चार वर्षं लपवली होती, आता लपवायचं काही नव्हतं. काशिराम, आत्या, काकी, अख्खी वऱ्हाडी मंडळी बघत असताना तिनं खणखणीत आवाजात सांगितलं, "दीपेश, मी तुझ्याशी लग्न करणार. हळद इथं, ह्याच गावात. तुझी आई उष्टी हळद घेऊन येणार, आणि ती येईस्तोवर गाव उपाशी बसणार."

दीपेशचं सगळं पुस्तकी मराठी त्या क्षणी पार उडालं. तो नुसता "हो, हो, हो" करत राहिला आणि डोळे पुसत राहिला. काशिरामनं त्याला मिठी मारली, मग आठवण झाल्यासारखा मागं वळला आणि आचाऱ्याला ओरडून विचारलं, फणस आता डिसेंबरात कुठं मिळतो का रे.